आधी उजेडात धरा, मग भाव विचारा

घरातल्या जुन्या वस्तू : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चांदीच्या भांड्यांवरचं लिखाण संपवताना ‘रंगीत काचेबद्दल विचारायचं असेल तर लिहा’ असं एक वाक्य टाकलं होतं. पत्रांचा ढीग आला. नागपुरात जुने बंगले पाडून टॉवर उभे होऊन राहिले आहेत, तेव्हा नवल नाही. उत्तरांआधी एक सांगून ठेवते. मी शिशाच्या पट्ट्यांत काच बसवण्याचं आणि जुन्या चौकटी दुरुस्त करण्याचं काम करते. जुनी काच मी विकत घेत नाही आणि विकतही नाही, त्यामुळे तुमच्या वस्तूचा भाव चढला काय नि पडला काय, माझ्या गल्ल्यात फरक पडत नाही.

“ताई, नमस्कार. धरमपेठेतलं आमचं घर माझ्या आजेसासऱ्यांनी १९३८ साली बांधलं. दिवाणखान्याच्या दारावर अर्धगोल रंगीत काच आहे. उगवता सूर्य आणि त्याची किरणं, पिवळी, लाल, हिरवी. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांनाही तसलीच. घर बिल्डरला दिलंय, दिवाळीनंतर पडणार. ठेकेदार म्हणतो, ही बेल्जियमची काच आहे. भाचा नेटवर बघून म्हणतो, पाच लाख कुठे गेले नाहीत. कबाडी म्हणाला, ‘काचेचं काय करू बाई, शिशाचा भाव देतो.’ खरं कोणाचं? अर्धगोलातला एक हिरवा तुकडा तडकलेला आहे.”

ताई, तिघांत मला कबाडीच प्रामाणिक वाटला. त्याला जेवढं कळतं तेवढ्याचा भाव त्याने सांगितला. तरी त्याला देऊ नका.

आधी बेल्जियमचा निकाल लावू. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधल्या शार्लेरुआच्या परिसरातून खिडकीची काच जगभर जायची, त्यामुळे आपल्याकडे चांगल्या जुन्या काचेला ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पण हा तुकडा बेल्जियमचा आणि तो बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सचा, असं नुसतं बघून कोणी सांगत असेल, तर ‘कशावरून?’ एवढंच विचारा. आजेसासऱ्यांच्या बांधकामाच्या वहीत नोंद असेल, एखादं बिल असेल, तर बेल्जियम म्हणा. नसेल तर ठेकेदाराचा तो शब्द मनातल्या किमतीतून वजा करा.

आता काच नीट बघा. दिवसा, ऊन थेट पडत नसताना, आतून उजेडाकडे तोंड करून बघायची. रात्री ट्यूबलाइट लावून पुन्हा, तिरक्या नजरेने. ट्यूबचं प्रतिबिंब प्रत्येक तुकड्यात वेगळ्या कोनात मोडलेलं दिसलं, तर तुकडे खरोखर वेगवेगळे कापून बसवलेले आहेत. ते सगळ्या पट्ट्यांखालून एका सरळ रेषेत निघून गेलं, तर ती एकच अखंड काच आहे आणि वर रंगीत फिल्म नि चिकटपट्टी आहे. हा प्रकार नव्या फ्लॅटांच्या देवघरांत सर्रास दिसतो. तुमच्या घरात तो नसावा, पण मधे कधी रंगरंगोटी-दुरुस्ती झाली असेल तर एखादी खिडकी बदललेली असू शकते. म्हणून तिन्ही तपासा.

पट्टीवर नख हलकेच ओढा. करडेपणाखालून चमकदार रेघ उठली, तर शिसं. (हात लगेच साबणाने धुवा.) सोल्डर, म्हणजे जोडायला वितळवून लावलेला धातू, कुठे आहे ते पाहा. शिशाच्या कामात तो फक्त पट्ट्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे असतो. प्रत्येक रेषेवर गोलसर उंचवटा असेल तर ते तांब्याच्या फितीचं काम, जे खिडक्यांपेक्षा दिव्यांच्या शेडमध्ये जास्त आढळतं. पट्टीच्या ओठाखाली काळपट, दगडासारखी झालेली लांबी दिसेल. पेंटर लोक वापरतात तीच, खडूची पूड आणि जवसाचं तेल. आणि मागे आडवी लोखंडी सळई असेल, तिला शिशापासून निघालेल्या तांब्याच्या तारा बांधलेल्या असतील, तर ज्याने काम केलं त्याला काम येत होतं असं खुशाल समजा.

पोताकडेही लक्ष द्या. एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी हातोडीने ठोकल्यासारखी किंवा लहरी-लहरींची असेल, तर ती रुळांमधून काढलेली यंत्राची काच. अशी नक्षीदार काच १८९० च्या आसपास मोठ्या प्रमाणावर निघू लागली आणि आजही निघते, म्हणून ती १९३८ शी जुळते खरी, पण एकटीच्या जोरावर काही सिद्ध करत नाही. आत लांबट बुडबुडे असतील आणि पलीकडचं झाड किंचित हलल्यासारखं दिसत असेल, तर ती तोंडाने फुंकून केलेली काच. ती मिळाली तर मला कळवा. लाल तुकड्याची कड कुठे उघडी असेल तर तीही बघा. बऱ्याचदा काच साधीच असते आणि तिच्यावर लाल रंगाचा कागदाइतका पातळ थर असतो. पूर्ण जाडीभर लाल ठेवली तर ती जवळजवळ काळीच दिसते, म्हणून कारखाने असं करायचे. तेव्हा थर दिसला म्हणून ‘नकली आहे’ असा गैरसमज करून घेऊ नका.

वय ठरवायला मात्र काचेपेक्षा घराचे कागद जास्त कामाचे. उगवता सूर्य हे आर्ट डेकोचं, म्हणजे १९२०-३० च्या दशकांतल्या सजावटीच्या शैलीचं वळण आहे. मुंबईत त्या काळातल्या इमारतींच्या फाटकांवर, जाळ्यांवर हाच सूर्य उगवलेला असतो. पण चित्रावरून दशक कळतं, साल नाही. मंजूर नकाशा, घरपट्टीची जुनी पावती, वास्तुशांतीचा दारातला फोटो काढून ठेवा. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आलं, तेव्हा तुमच्या घराचा नकाशा तिथल्या दफ्तरात असण्याची शक्यता आहे. तिन्ही काचा जागेवर असताना, आतून आणि बाहेरून, बाजूला फूटपट्टी धरून फोटो घ्या. एकदा ती काच घरातून निघाली की तिला ना गाव ना गोत. गिऱ्हाईक तिच्याकडे मग कुठलीही सुटी काच म्हणूनच बघतं.

पाच लाखांचं आता बोलू. तुमच्या भाच्याने विकायला ठेवलेल्या काचांचे आकडे पाहिले असणार. विकल्या गेलेल्या काचांचे पाहायला हवेत. मागणारा काहीही मागतो. लिलाव कंपन्यांच्या साइटवर विक्री झालेली रक्कम असते, ती धरायची. आणि तुमच्या काचेत चित्र रंगवलेलं नाही, नुसते कापलेले रंगीत तुकडे आहेत. अशा कामाची कमाल किंमत काढायची एक सरळ रीत आहे: हेच डिझाइन आज नवीन करायला किती लागेल? अर्धगोल चार फूट रुंद असेल तर त्याचं क्षेत्रफळ सव्वासहा चौरस फुटांच्या आसपास. बाजूच्या खिडक्या दीड बाय चारच्या धरल्या तर सहा-सहा. झाले सव्वाअठरा. दोन कारखान्यांकडून, एक इथला आणि एक मुंबई-पुण्याचा, शिशाच्या कामाचा चौरस फुटाचा दर मागवा आणि गुणा. जो आकडा येईल त्याच्या फार वर कोणी जाणार नाही. कॅफे सजवणारा इंटीरियरवाला तर बराच खालून सुरुवात करेल. तिन्ही काचा मूळ सागवानी चौकटींसकट आणि फोटोंसकट एकत्र दिल्या तर त्यातल्या त्यात बरा भाव येतो. सुट्या तिघींची बेरीज त्याच्या जवळपासही जात नाही.

तडकलेल्या हिरव्या तुकड्याची चिंता सोडा. साधा तुकडा बदलता येतो.

माझं मत विचाराल तर विकू नका. बिल्डरच्या करारात एक ओळ घालून घ्या की चौकटी पाडकामाआधी सुताराकडून अखंड काढून तुमच्या ताब्यात मिळतील. छिन्नी-हातोडा लावणाऱ्या मजुराला त्या खोलीत शिरू देऊ नका. नव्या फ्लॅटमध्ये हॉल आणि पॅसेजच्या मधे अर्धगोल बसतो, दोन फ्लॅटमध्ये मी पाहिलाय.

“सप्रेम नमस्कार. माझे वडील कामठीला छावणीत कंत्राटदार होते. १९४८ च्या सुमारास एका साहेबाच्या बंगल्यातलं सामान त्यांनी लिलावात घेतलं. त्यात काचेची एक खिडकी होती, अंदाजे अडीच फूट बाय दीड फूट. चिलखत घातलेला तरुण, हाती भाला, पायाशी मगरीसारखा प्राणी. खाली इंग्रजीत ‘इन लव्हिंग मेमरी ऑफ’ आणि पुढचं नाव अर्धं तुटलेलं, शेवटी १८८४. चेहऱ्याच्या रेषा पुसट झाल्यात. मुलगा न्यू जर्सीला असतो. म्हणतो, बाबा, मी सामानात घेऊन जातो, इकडे चांगली किंमत येईल. किती यावी?”

काका, मुलाला आजच फोन करून थांबवा. कारण खाली सांगते.

तो तरुण बहुतेक ड्रॅगन मारणारा ख्रिस्ती संत सेंट जॉर्ज आहे आणि ती मगर म्हणजे तो ड्रॅगन. तुमच्याकडे आहे ती खऱ्या अर्थाने रंगवलेली काच. चेहरा, बोटं, चिलखताच्या कड्या काढायला लोहासारख्या धातूचं ऑक्साइड आणि काचेची पूड एकत्र खलून रंग करतात, कुंचल्याने काढतात आणि सहाशे अंशांच्या वर भट्टीत भाजतात. मग तो रंग काचेचाच होतो, सहजासहजी जात नाही. तुमच्याकडे तो गेला आहे, त्याला एक ओळखीचं कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही इंग्लिश कारखान्यांनी रंग लवकर वितळावा म्हणून त्यात टाकणखार घातला, आणि असला रंग ओलाव्याने सुटत जातो. तेव्हा पुसट चेहरा हा त्या काळाचाच एक पुरावा समजा. तो पुन्हा रंगवून घेऊ नका! केस किंवा तेजोवलय पिवळं असेल तर काच उलटून पाहा. पिवळा डाग मागच्या बाजूने दिलेला असेल. चांदीच्या क्षारांनी काच पिवळी करण्याची ही रीत चौदाव्या शतकापासून चालत आलेली आहे.

कोणी केली, ते शोधायला खालचा उजवा-डावा कोपरा भिंगाने बघा. बऱ्याच कारखान्यांनी सही केलीच नाही. इंग्लंडचे काचचित्रकार चार्ल्स केम्प यांच्या कामांवर गव्हाची पेंढी सापडते, आणि १९०७ मध्ये ते वारल्यानंतर त्यांच्या कंपनीने पेंढीवर एक लहान मनोरा बसवला. तुमच्या खिडकीवरचं १८८४ हे साल मृत्यूचं आहे. खिडकी नंतर कधीही बसवलेली असू शकते. क्लेटन अँड बेल, हीटन-बटलर अँड बेन हीही त्या काळातली मोठी नावं. डोळ्याला सवय लागावी म्हणून मुंबईला गेलात तर कुलाब्याचं अफगाण चर्च आणि राजाबाई टॉवरखालचं विद्यापीठाचं ग्रंथालय बघून या. कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये तर व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या स्मरणार्थ इंग्लिश चित्रकार बर्न-जोन्स यांनी केलेली खिडकी आहे, १८८० ची. त्या दर्जाचं काम बघितलं की मग आपल्या घरच्याकडे नीट बघता येतं.

मला खटकतं ते वेगळंच. स्मरणार्थ लावलेली खिडकी बंगल्यात कशी? अशा खिडक्या चर्चमध्ये लावतात. म्हणजे ती कुठल्या तरी चर्चमधून निघाली, साहेबाच्या बंगल्यात पडून राहिली आणि तिथून वडिलांकडे आली, असा माझा तर्क आहे. वडिलांनी रीतसर लिलावात घेतली, त्यांच्यावर बोट ठेवायचं कारण नाही. पण पावती असेल तर ती खिडकीइतकीच जपा. अर्ध्या नावातून पूर्ण नाव काढता येईल. ब्रिटिश काळातल्या इथल्या चर्चांमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ नावाची संस्था त्यातल्या बऱ्याच नोंदी इंटरनेटवर फुकट शोधू देते. १८८४, कामठी, आणि आडनावाची उरलेली अक्षरं एवढ्यावर सुरुवात करा. पलटणीचं नाव उरलं असेल तर काम निम्मं झालं.

आता न्यू जर्सी. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते, आणि ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही. ती तुमच्या मालकीची असली, वारशाने आलेली असली तरी नाही. खिडकीवरच १८८४ कोरलेलं असताना कस्टमसमोर काय सांगणार? वयाबद्दल खरोखर शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करता येतो. त्यांची तज्ज्ञ समिती वस्तू तपासून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला देते किंवा नाकारते. तुमच्या बाबतीत बहुधा नाकारेल.

म्हणून मुलाने तिकडे पाहिलेली किंमत विसरायची. ती तिकडच्या काचेची किंमत आहे. रंगवलेल्या इंग्लिश काचेचं मोठं गिऱ्हाईक ब्रिटन-अमेरिकेत, आणि तुमची खिडकी त्यांच्यापर्यंत कायद्याने पोचूच शकत नाही. भारतातलं गिऱ्हाईक मोजकं: एखादा संग्राहक, एखादं जुनं हॉटेल, एखादा वास्तुविशारद. विकायचीच असेल तर पुरावस्तूंचा परवाना असलेल्या व्यापाऱ्यालाच द्या. आकडा मी फोटोशिवाय सांगणार नाही, पण चेहरा पुसट, नाव तुटलेलं, कारखाना अज्ञात, हे तिन्ही उणे बाजूला जातं. अधिक बाजूला आकृती, साल आणि कामठी.

मी तुमच्या जागी असते तर आधी सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आणि कामठीतल्या जुन्या चर्चच्या पाद्रींना फोटो दाखवले असते. घेऊन जा म्हणून नाही. ‘ही कुठली असेल?’ एवढं विचारायला. अजबबंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या लोकांनाही दाखवा.

“आमच्या महालातल्या वाड्याच्या खिडकीच्या काचा खालून जाड आणि वरून पातळ आहेत. काच शेकडो वर्षांत खाली ओघळते असं वाचलं. म्हणजे त्या दोनशे वर्षांच्या तरी असाव्यात ना?”

नाही. काच खिडकीत ओघळत नाही, दोनशे काय, हजार वर्षांतही डोळ्याला दिसेल इतकी नाही. जुन्या पद्धतीने केलेला काचेचा पत्रा मुळातच कमी-जास्त जाडीचा निघायचा, आणि बसवणारा बहुधा जाड कड खाली ठेवायचा. चौकटींतून शोधलंत तर एखादी जाड कड वर किंवा बाजूलाही सापडेल. काचेवर गोलाकार, ताटाच्या काठासारख्या कमानी दिसतात का ते मात्र बघा. पूर्वी तापलेल्या काचेचा फुगा फिरवून मोठी चकती करत आणि तिच्यातून तावदानं कापत, त्याच्या त्या खुणा. त्या दिसल्या तर काच खरोखर जुनी आहे. उलट, आरशासारखी निर्मळ सपाट असेल तर ती फ्लोट काच, म्हणजे वितळलेल्या कथिलावर तरंगवून केलेली, आणि ती पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली.

“इतवारीत माझ्या आजीच्या माहेरून आलेलं काचेवरचं लोणी खाणाऱ्या कृष्णाचं चित्र आहे. पुतण्या म्हणतो ही स्टेन्ड ग्लास, खिडकीत लाव, छान दिसेल. मागून रंगाचे पापुद्रे निघताहेत. ओल्या फडक्याने पुसून लावू का?”

थांबा. फडकं खाली ठेवा.

ही खिडकीची काच नाही, काचेच्या पाठीवर काढलेलं चित्र आहे. यात रंग भाजलेला नसतो, नुसता काचेवर बसलेला असतो. चित्रकार सगळं उलट्या क्रमाने करतो. दागिन्यांच्या टिकल्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या आधी, मग चेहरा, मग पीतांबर आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. समोरून जे सगळ्यात वर दिसतं, ते मागून सगळ्यात खाली दबलेलं असतं. ओलं फडकं मागून फिरवलंत तर आधी पार्श्वभूमी जाईल आणि नंतर कृष्ण. खिडकीत लावलंत तर पापुद्र्यांतून उजेडाची भोकं दिसतील, आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हात उरलेलंही सुटेल.

ही कला पश्चिम भारतात अठराव्या शतकात कँटनच्या व्यापारातून चिनी चित्रकारांबरोबर आली, आणि मग इथल्या चित्रकारांनी ती उचलली. याला भारतातच गिऱ्हाईक आहे, देशी लिलावांत ही चित्रं येतात. त्यामुळे तुमचं हे चित्र कदाचित वरच्या दोघांच्या काचांपेक्षा सहज विकलं जाईल. तोपर्यंत एवढंच करा: रंगाची म्हणजे मागची बाजू वर ठेवून आडवं, सपाट ठेवा, म्हणजे सुटलेले पापुद्रे जागच्या जागी राहतील. जुनी चौकट आणि मागची फळी फेकू नका. फळी आणि काच यांच्यामध्ये जुन्या वर्तमानपत्राचा कागद घालायची पद्धत होती. त्यावर तारीख असेल तर चित्र निदान केव्हा चौकटीत गेलं ते कळेल. पापुद्रे बसवायचं काम संग्रहालयाच्या दर्जाच्या दुरुस्तीकाराचं. फेव्हिकॉल नको.

“वडील बंगाल नागपूर रेल्वेत होते. अजनीच्या क्वार्टरमधून निघताना त्यांनी दोन जाड गोल काचा आणल्या, बाहेरून फुगीर आणि आतून पायऱ्या-पायऱ्यांच्या. एक लाल, एक निळसर. निळा सिग्नल कधी ऐकला नाही. ह्या काय आहेत?”

भाऊ, निळसर दिसते तीच हिरवी आहे. जुन्या सिग्नलच्या दिव्यात रॉकेलची ज्योत असायची आणि ती पिवळी. पिवळ्या ज्योतीपुढे साधी हिरवी काच धरली तर लोकोपायलटला, तेव्हाच्या भाषेत ड्रायव्हरला, ती पिवळट दिसली असती. म्हणून काच मुद्दाम निळ्याकडे झुकती ठेवत आणि ज्योतीसमोर ती स्वच्छ हिरवी दिसे. घरी समईसमोर धरून बघा, पोरांनाही दाखवा. पायऱ्या आहेत त्या उजेड एका दिशेने लांब फेकण्यासाठी.

नुसत्या काचांना फार पैसा नाही. त्यांचा दिवा मिळाला, आणि त्याच्या पत्र्यावर बी.एन.आर. उठवलेलं असलं, तर गोष्ट बदलते. माळ्यावर, कवेलूखाली शोधा. वडिलांचं नेमणुकीचं पत्र, पासबुक असं काही असेल तर सोबत ठेवा. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय बघितलं नसेल तर एकदा जाऊन या.

“रंगीत काच स्वच्छ कशी करावी? टॉयलेट क्लीनरने डाग जातात असं शेजारच्या मावशी सांगतात.” (हा प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला आहे.)

डाग जातील, शिसंही खाल्लं जाईल. अॅसिड नको, अमोनियावाला काचेचा स्प्रे नको, तारेची घासणी तर नकोच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी आणि कापसाचा बोळा, एवढ्यावर भागवा. बोळा ओलसर हवा, पाणी गळायला नको, कारण ते पट्टीखाली शिरून लांबी सोडवतं. काच रंगवलेली असेल तर रंगाच्या बाजूला हात लावू नका. कुठली बाजू रंगाची ते कळत नसेल तर दोन्हीकडे नको.

शिशावर पांढरी पावडर दिसली तर ती झटकू नका. ते विष आहे. ओल्या टिश्यूने टिपून टिश्यू पिशवीत बांधून टाका. लहान मुलं, गरोदर बाई यांना त्या खोलीपासून लांब ठेवा आणि काम स्वयंपाकघरात करू नका.

पश्चिमेच्या खिडकीतली काच पोट काढून बाहेर आलेली असते, तिच्याबद्दलही दोन पत्रं आहेत. शिसं उन्हाने काचेच्या जवळजवळ तिप्पट पसरतं. आपल्या उन्हाळ्याने ते वर्षानुवर्षं पसरतं नि आखडतं, शेवटी थकतं. हाताने दाबून सरळ करू नका, तुकडे फुटतील. काढावी लागली तर फळीला टेकवून, उभी धरून न्या, आणि ठेवताना उभीच ठेवा. कूलरच्या झोतासमोर नको.

“शिकागोच्या आत्याने जाताना मला तिचा ‘टिफनी’ दिवा दिला. ती म्हणते, जपून ठेव, यावर एक फ्लॅट येईल. खरंच का हो ताई?”

काचेच्या दिव्यांसाठी गाजलेले अमेरिकन कलावंत लुई कम्फर्ट टिफनी १९३३ साली वारले आणि त्यांचा कारखाना त्याच सुमारास बंद झाला. त्यानंतर ‘टिफनी’ ही दिव्याची जात झाली. तांब्याची फीत लावून जोडलेल्या रंगीत काचेच्या कुठल्याही शेडला लोक तेच म्हणतात, आणि १९७० नंतर असे दिवे ढिगाने निघाले. खऱ्या दिव्याचा पाया ब्राँझचा आणि जड असतो, त्याच्या खाली ‘टिफनी स्टुडिओज न्यूयॉर्क’ आणि क्रमांक ठोकलेला असतो. हा शिक्काही खोटा मारलेला सापडतो. शेडच्या काचेत रंग आतल्या आत बदलत जातो, एकाच पाकळीत दुधी पांढऱ्यापासून गर्द हिरव्यापर्यंत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सगळ्या पाकळ्या एकाच छापाच्या आहेत आणि पायाखाली हिरवं फेल्ट चिकटवलेलं आहे. ते काढून बघा. खाली पोकळ हलका पत्रा निघाला तर फ्लॅट गेला.

दिवा देखणा आहे, वापरा. मात्र आत्याबाई तिकडच्या १२० व्होल्टवर तो लावत होत्या. इथे २३० आहेत. आधी इलेक्ट्रिशियनकडून होल्डर, वायर आणि प्लग बदलून घ्या, आणि एलईडी बल्ब लावा.